खाणीवर कुरण कसे उगवावे?

चंद्रपूरच्या आसपास एखाद्या बंद पडलेल्या कोळसा खाणीचे पुनरुज्जीवन करण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर सर्वप्रथम 'ढिगारा' हा शब्द टाकून द्यावा आणि 'टेकडी' म्हणावे. खाण खोदताना वरची काळी माती आधी निघते आणि शंभर-दोनशे फुटांखालचा मुरूम-दगड शेवटी; त्यामुळे ढिगाऱ्यात काळी माती सर्वांत खाली जाते आणि ज्या दगडाने कधी सूर्य पाहिला नव्हता तो माथ्यावर येऊन बसतो. वरची माती वेगळी साठवून शेवटी परत पसरावी असा नियम आहेच, आणि ती साठवण्यासाठी नोंदवहीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही.

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खाणपट्टेधारकांनी खोदलेल्या जमिनीवर पुन्हा गवत लावावे आणि ती चारा, वनस्पती व प्राणी यांच्या वाढीस योग्य करून द्यावी. या यादीत चारा पहिला आहे, हे कोणी विचारल्याखेरीज सांगू नये. त्याऐवजी पायथ्याशी 'येथे जनावरे चारण्यास सक्त मनाई आहे' असा फलक लावावा. त्याचा खांब मात्र भक्कम रोवावा, कारण मान खाजवायला गावच्या गायींना आता आसपास झाड उरलेले नाही, आणि दुपारपर्यंत फलक कलतो.

गवताची फार चिंता करू नये. वेडी बाभूळ न लावता येते, पाणी मागत नाही आणि वरून पाहिल्यास हिरवीच दिसते. कोळसा कंपन्यांच्या जमिनींची पाहणी उपग्रहावरून होते, आणि इतक्या उंचीवर तोंडाला काटे टोचत नाहीत.

आता वन्यजीव गणनेकडे वळू. (हा भाग मन लावून करावा, कारण छायाचित्रे येथेच मिळतात.) पायवाटेवर गुडघ्याच्या उंचीला समोरासमोर दोन कॅमेरे बांधावेत, म्हणजे वाघाच्या दोन्ही बाजूंचे पट्टे मिळतात आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. पहिल्या आठवड्यात बहुधा शेळ्या, त्यामागून गायकीची, म्हणजे गुराख्याची, काठी, मग एका कालवडीचे ओले नाक, अशी चित्रे येतील. ती पुसून टाकावीत. पाळीव जनावर हा जैवविविधतेत अडथळा असतो. नंतर खरोखरच वाघ येईल. लपायला बाभळीची जाळी, प्यायला खड्ड्यात साचलेले पाणी आणि खायला रानडुकरे व चुकार ढोरे, एवढे त्याला पुरते, आणि ताडोबा काही लांब नाही. त्याचे छायाचित्र अहवालाच्या मुखपृष्ठावर छापून 'परिसंस्था पूर्ववत झाली' असे लिहावे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला आणि लागोपाठ जवळच्या दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला मारले, तेव्हा हीच झुडपे तातडीने तोडा अशी मागणी झाली. अशा वेळी गोंधळू नये. लागवडीखालचे क्षेत्र एका अहवालात दाखवावे आणि साफसफाईखालचे दुसऱ्यात; एकाच टेकडीला दोन्हीकडे स्थान मिळते.

राहता राहिला गायवाला. त्याची गाय मारली गेली, तर त्याला नम्रपणे समजवावे की अठ्ठेचाळीस तासांत खबर द्यायची असते, मृत जनावर जागचे हलवायचे नसते आणि पंचनामा झाल्यावर नुकसानभरपाईचा विचार होतो; मात्र मनाई असलेल्या जागेत गाय काय करत होती, याचा खुलासा आधी करावा लागेल. तो म्हणेल, "साहेब, आखरापासून, गुरं गोळा होतात तिथपासून, हेच तर आमचं चराऊ रान होतं." हे वाक्य पंचनाम्यात घेऊ नये, कारण त्याला रकाना नाही. रकाने गाईचा रंग, वय, शिंगे आणि दुभती की भाकड यांसाठी असतात. तिच्या दातांत एखादी गवताची काडी अडकलेली सापडली, तर ती मात्र कागदात गुंडाळून जपून ठेवावी. पुढच्या अहवालाला चारा उगवल्याचा पुरावा जोडावा लागणारच आहे.