‘जुन्या कागदांचे चार तुकडे करा आणि रद्दीत द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रीडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: आता सगळं ऑनलाइन आहे, जुन्या कागदांना कोणी विचारत नाही. सात वर्षांपूर्वीचं सगळं निर्धास्त काढून टाका. फारच काळजी वाटली तर चार तुकडे करून रद्दीवाल्याला द्या. श्रेडिंगवाल्यांना, म्हणजे मशीनने कागदाचे बारीक तुकडे करून देणाऱ्यांना, पैसे देऊ नका, त्यांचाही कागद शेवटी रद्दीतच जातो.

यातलं सर्वांत घातक वाक्य सात वर्षांचं आहे, म्हणून आधी तेच घेऊ. हा आकडा हिशेबाच्या वह्या आणि कराच्या कागदांवरून आलेला दिसतो. घराच्या आणि नोकरीच्या कागदांना तो लावला तर मुंबईत माणूस हक्काला मुकू शकतो. पागडीच्या खोलीची आजोबांच्या नावावरची भाडेपावती साठ वर्षं जुनी असेल, पण इमारत पाडायची वेळ आली की भाडेकरू कोण हे तीच सांगते. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा लागतो. गिरणी कामगारांच्या घरांसाठी तर १ जानेवारी १९८२ या तारखेपर्यंत मागे जावं लागतं. तिथे वडिलांचं तिकीट नंबर असलेलं हजेरीकार्ड, पीएफची चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड असले पिवळे पडलेले कागदच कामी येतात. लालबाग-परळच्या कित्येक घरांत ते अजून पत्र्याच्या पेटीत आहेत. ते कृपा करून कोणत्याही मशीनमध्ये घालू नका. घराचं मूळ ॲग्रीमेंट, त्याआधीची चेन ॲग्रीमेंट्स (म्हणजे आधीच्या मालकांमधले खरेदी-विक्रीचे करार), स्टँप ड्युटीची पावती, शेअर सर्टिफिकेट, कोपरा कापून परत मिळालेला जुना पासपोर्ट, हे सगळं ठेवायचंच.

आता ‘सगळं ऑनलाइन आहे’ हा मुद्दा. २००९ सालचा फॉर्म १६ काढून बघा. कंपनी कदाचित बंदही पडली असेल, पण त्यावरचा पॅन आजही तुमचाच आहे. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, म्हणून खातं उघडताना भरलेल्या फॉर्मवरची जन्मतारीख, आईचं नाव आणि सहीचा नमुना बदलला नाही. ऑनलाइन झाल्यामुळे उलट हीच माहिती जास्त ठिकाणी चालू लागली. एकटा कागद फारसं बोलत नाही. माळ्यावरच्या एका पिशवीत मात्र घरातल्या चौघांचे आधारचे झेरॉक्स, पगाराच्या स्लिपा आणि जुनी चेकबुकं एकत्र असतात. फोनवरच्या भामट्याने तुमची जुनी शाखा आणि वडिलांचं नाव अचूक सांगितलं की भल्याभल्यांचा विश्वास बसतो. कायदाही इथे मदतीला येणार नाही, कारण २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा डिजिटल, किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो, रद्दीत गेलेल्या कागदाला नाही. (कागद आधीच गेले असतील तर लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळणारा अहवाल मागवा, म्हणजे तुमच्या नावावर भलतं कर्ज आहे का ते कळेल. तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या वेबसाइटवर दिसतं.)

चार तुकड्यांचं म्हणाल तर जुना चेक समोर घ्या आणि उभा-आडवा फाडा. खाते क्रमांक एका ओळीत छापलेला असतो, तो बहुतेक वेळा एकाच तुकड्यावर अख्खा राहतो. आधारच्या लांब पत्रावर नंबर एकापेक्षा जास्त ठिकाणी असतो, आणि क्यूआर कोड थोडा फाटला तरी वाचता येतो. घरगुती स्वस्त श्रेडरही नुसत्या लांब पट्ट्या कापतो. कागद आडवा घातला तर सहा मिलिमीटरच्या पट्टीवर टाइप केलेली अख्खी ओळ वाचता येते. १९७९ मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीत अशाच पट्ट्या सापडल्या होत्या आणि इराणी लोकांनी त्या बसून जुळवल्या. तुकडा किती बारीक होतो यावरून श्रेडरचे दर्जे ठरतात; पी-४ दर्जाच्या मशीनमध्ये तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो. म्हणजे एका ए-फोर कागदाचे जवळपास ४०० तुकडे होतात.

श्रेडिंगचा कागदही शेवटी रद्दीतच जातो, हे खरं आहे आणि ते चांगलंच आहे. त्याचा लगदा होऊन पुन्हा कागद व्हायला हवा. फरक एवढाच की तिथे पोचेपर्यंत तो वाचण्याजोगा राहत नाही. रद्दीवाल्याला यात चोर ठरवू नका. वर्तमानपत्र, पुठ्ठा, पांढरा कागद वेगळा करून विकणं हा त्याचा रोजगार आहे, आणि त्यामुळेच तुमचा कागद अख्खा, वाचता येईल अशा अवस्थेत चार हातांतून जातो.

पैशांचा प्रश्न सोसायटीने एकत्र सोडवावा. सगळ्यांचे कागद एकाच दिवशी द्यावेत. ऑफिसच्या कपाटातल्या जुन्या भाडेकरूंच्या आणि घरकाम करणाऱ्या बायकांच्या आधार झेरॉक्सही त्यातच घालाव्यात, त्या तर आपल्या विश्वासावर दिलेल्या आहेत. ठरवण्याआधी विचारा: मशीन आमच्यासमोर चालणार का? नाहीतर खोके सील करून नेणार का? तुकडा किती मोठा? नष्ट केल्याचं प्रमाणपत्र मिळणार का? गोलमोल उत्तर आलं तर दुसऱ्याला बोलवा.

मूठभरच कागद असतील तर पैसे खर्च करायची गरज नाही. कात्रीने बारीक कापा, रात्रभर बादलीत भिजवा आणि सकाळी हाताने कुस्करून लगदा करा. नुसतं भिजवून भागत नाही, कारण लेझर प्रिंटरची शाई म्हणजे वितळून कागदाला चिकटलेलं प्लॅस्टिक असतं, ते पाण्याने पसरत नाही. लॅमिनेट केलेली कार्डं आणि एटीएम कार्डं वेगळी काढून कात्रीने कापा, नंबर आणि चिप दोन्हींवरून. जाळू मात्र नका. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, आणि कागदाचा गठ्ठा कडेने काळा पडतो, आतली पानं तशीच राहतात.