बावीस डॉलरच्या बाटलीचा हिशोब

गेल्या महिन्यात मी लाकडी पिंपात वर्षभर मुरवलेल्या एका अमेरिकन स्टाउटबद्दल, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळ्या, दाट बिअरबद्दल लिहिलं होतं. चुलतभावाने शिकागोहून आणलेली अर्ध्या लिटरची बाटली, किंमत २२ डॉलर. त्यावर तासगावच्या एका वाचकांनी भली मोठी प्रतिक्रिया दिली. तिचा सारांश असा: "दोन हजारांची बिअर म्हणजे शिकलेल्यांना गंडवायचा धंदा आहे. लाकूड महाग म्हणून बिअर महाग, हे तुम्ही कशावरून ठोकून दिलंत? किंमत न सांगता पाजली तर तुम्हालाही फरक कळणार नाही. आमचं बेदाण्याचं शेड आहे. द्राक्षाचा बेदाणा होईपर्यंत आमचा जीव टांगणीला असतो, पण सौद्यात कुणी आमच्या कष्टाच्या कहाणीचे पैसे देत नाही." आणि अगदी शेवटी, जरा खालच्या पट्टीत: "मुलगा डिसेंबरात अमेरिकेहून येतोय. त्याला एक आणायला सांगू का, तेवढं मात्र कळवा."

दादा, आधी चूक कबूल करतो. लाकडाबद्दलचं माझं वाक्य चुकीचं होतं. तुमची प्रतिक्रिया वाचून आधी रागच आला. मग कागद-पेन घेऊन बसलो आणि राग उतरला.

बर्बन म्हणजे अमेरिकेतली मक्याची व्हिस्की. तिच्यासाठी तिकडे कायदा असा आहे की ती आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवायची. एकदा वापरलेलं पिंप पुन्हा बर्बनला चालत नाही. त्यामुळे केंटकीत, म्हणजे बर्बनच्या माहेरच्या राज्यात, दरवर्षी ढिगाने पिंपं रिकामी होतात. ती स्कॉटलंडला जातात, रमवाले घेतात, टकीलावाले घेतात आणि बिअरवालेही घेतात. पिंप असतं सुमारे २०० लिटरचं. वापरलेलं पिंप दोनशे डॉलरला पडलं असं धरा. त्यातून अर्ध्या लिटरच्या साडेतीनशेच्या वर बाटल्या निघतात. म्हणजे लाकडाचा खर्च बाटलीमागे अर्धा-पाऊण डॉलर, आपले पन्नास-साठ रुपये. एवढ्यासाठी कुणी बावीस डॉलर लावत असेल तर तो गंडवतोच आहे. इथवर तुमचं बरोबर.

पण पुढचं गणित तुम्हीच जास्त चांगलं करू शकाल, कारण तुमचं शेड आहे. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. उरलेल्या तीन किलोंचं काय झालं असं कुणी विचारत नाही, पाणी होतं ते उडून गेलं. पण बाग छाटली, औषधं फवारली, मजूर लावून माल तोडला, तो चारही किलोंसाठी. लवकर वाळावा म्हणून डिपिंग ऑइलमध्ये बुडवून रॅकवर पसरला आणि पंधरा-वीस दिवस आभाळाकडे बघत बसलात. मार्चमध्ये एक अवकाळी सर आली की हिरवा व्हायचा माल काळा पडतो. मेहनत तीच, जागा तीच, दिवस तेवढेच, भाव मात्र कोसळला. हिरव्या बेदाण्याच्या भावात त्या काळ्या पडलेल्या मालाचाही तोटा कुठेतरी धरलेला असतो की नाही? नसेल तर शेड चालेल कसं?

पिंपातल्या बिअरचं नेमकं असंच आहे. लाकूड श्वास घेतं. आतलं पाणी आणि अल्कोहोल हळूहळू बाहेर जातं, काही लाकूडच पिऊन टाकतं, तळाशी गाळ राहतो. व्हिस्कीवाले या उडून जाणाऱ्या भागाला देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास असतो. बंगळुरूची अमृत व्हिस्की मुरवताना तोच दहा-बारा टक्क्यांवर जातो. आपल्याकडचे देवदूतही जास्त पितात, त्याला इलाज नाही. सांगलीच्या मे महिन्यात बिअरचं असं पिंप गच्चीवर ठेवलं तर दिवाळीपर्यंत उत्तम व्हिनेगर मिळेल.

व्हिनेगरवरून आठवलं. खरी जोखीम तिथेच आहे. व्हिस्कीत अल्कोहोल इतकं असतं की जंतू जगत नाहीत. बिअर कितीही कडक केली, बारा-चौदा टक्क्यांपर्यंत नेली, तरी काही जंतू त्यात निवांत राहतात, आणि लाकडाच्या भेगा म्हणजे त्यांना राहायला बांधून दिलेली चाळच. शिकागोच्या गूस आयलंड कंपनीची बर्बन काउंटी स्टाउट ही या प्रकारातली सगळ्यात गाजलेली बिअर. १९९० च्या दशकात त्यांनी व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात स्टाउट भरली आणि तिथून ही सगळी टूम निघाली. त्यांच्याही २०१५ च्या मालातल्या काही बाटल्या आंबट निघाल्या. तपासणीत लॅक्टोबॅसिलस जातीचा जीवाणू सापडला आणि २०१६ मध्ये कंपनीने लोकांना पैसे परत केले. त्यानंतर ते बिअर पाश्चराइझ करायला लागले. ही कंपनी तोवर जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर उद्योगाच्या मालकीची झाली होती, २०११ पासून. तिला तो फटका सोसला. चाळीस-पन्नास पिंपं ठेवणाऱ्या एखाद्या छोट्या कारखान्याची दहा पिंपं गेली तर?

आपल्याकडे हळदीच्या पेवांचं काय झालं होतं? हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमालगत जमिनीत खोल पेवं खणून हळद ठेवायचे. कीड नाही, वर्षानुवर्षं माल टिकायचा, पेव उघडल्यावर आतली हवा निघून जाईपर्यंत माणूस उतरायचा नाही. आणि २००५ च्या महापुरात त्याच पेवांत पाणी शिरलं. माल मुरत ठेवणाऱ्याला हे भय असतंच. माझे आजोबा हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, म्हणून या गोष्टीशी माझं जरा नातं आहे. असो, विषयांतर झालं.

आता कागदावरचा हिशोब. अंदाज माझे आहेत, पटले नाहीत तर खोडा. त्याच कारखान्याची तीच स्टाउट, पिंपात न घातलेली, साध्या बाटलीत मिळते. अर्ध्या लिटरला हिशोबाने सात डॉलर पडतात. ही स्टाउट मुळातच महाग, कारण साध्या बिअरच्या दुप्पट-अडीचपट माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) लागतो आणि तासन् तास उकळावं लागतं, पण तो खर्च सातात आलाच. पिंपात दहा टक्के घट धरली तर सातचे पावणेआठ होतात. वर्षभर पैसे अडकले, त्याचं व्याज पाऊण डॉलर. पिंपाचा अर्धा-पाऊण. दहातलं एक पिंप ओतून द्यावं लागलं असं धरलं तर आणखी एक डॉलर. पिंपं भरायची, दर महिन्याला चाखायची, कुठलं कुठल्यात मिसळायचं ते ठरवायचं, हे सगळं माणसाने हाताने करायचं. गोदामाचं भाडं वेगळं. या सगळ्याचे मिळून दोन-अडीच. वरचे आकडे धरले तर बेरीज साधारण तेरा होते.

बावीसातल्या तेरांचा हिशोब लागला. उरलेले नऊ डॉलर कशाचे?

नावाचे. पुठ्ठ्याच्या देखण्या खोक्याचे, झाकणावर ओतलेल्या मेणाचे, आणि "यंदा फक्त एवढ्याच बाटल्या" या वाक्याचे. मी ते नऊ दिले, किंवा माझ्या भावाने दिले, आणि मला त्याची फार खंत नाही. पण ते मुरण्याचे पैसे नव्हते, हे तुमच्यामुळे मला कागदावर दिसलं. आणि या बाटल्या दुकानातून उचलून पुढे विकणारे लोक तीच नव्वद डॉलरला विकतात, तेव्हा वरचे अडुसष्ट डॉलर ना पिंपाला मिळतात, ना बिअर करणाऱ्याला. शेतावर एक भाव, मुंबईच्या बाजारात चौपट, हे तुम्हाला मी काय सांगणार!

दुर्मीळ म्हणजे महागच, असं तरी कुठे आहे? बेल्जियमच्या वेस्टव्हलेटरन गावातल्या सेंट सिक्स्टस मठातले भिक्षू एक काळी, दहा टक्क्यांच्या वरची बिअर करतात. ती पिंपातली नाही, हे आधी सांगतो, नाहीतर तुम्ही पकडाल. जगातल्या उत्तम बिअरच्या याद्यांमध्ये ती वर्षानुवर्षं वरच्या नंबरांवर आहे. मठ चालेल एवढीच करायची, जास्त नाही, असा त्यांचा नेम. पूर्वी फोनवर नंबर लावून, गाडीचा नंबर नोंदवून, मठाच्या दारातून क्रेट घ्यायला लागायचा. आता ऑनलाइन नंबर लागतो. पुढे विकायची नाही, अशी अट असते. मठाच्या दारात तिची किंमत थोड्याच युरोंची असते. बाहेर लोक अट मोडून कित्येक पटीने विकतात. बिअर तीच.

उलटंही घडतं. मिशिगनमधली फाउंडर्स कंपनी कॉफी-चॉकलेटची एक स्टाउट ग्रँड रॅपिड्स शहराच्या पोटातल्या जुन्या जिप्समच्या खाणीत, बर्बनच्या पिंपांत मुरवते. एकेकाळी तिच्यासाठी रांगा लागायच्या, लोक शेजारच्या राज्यातून गाडी काढून यायचे. मग कंपनीने उत्पादन वाढवलं आणि ती वर्षभर मिळायला लागली. रांगा संपल्या. रांगेत उभे राहणारे आता म्हणतात, पूर्वीची मजा नाही राहिली. मला वाटतं, त्यांची मजा रांगेतच जास्त होती.

आता तुमचा मुख्य मुद्दा, किंमत न सांगता पाजण्याचा. तो मला झोंबला होता, म्हणून करूनच पाहिलं. भावाने पिंपातली एक बाटली जास्तीची आणली होती आणि साध्या स्टाउटच्याही तीन. विश्रामबागेत आमच्या गच्चीवर चौघे जमले: एकाचं औषधाचं दुकान, एक कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, एक आयुष्यभर फक्त गार लागर, म्हणजे नेहमीची फिकट पिवळी बिअर, पिणारा आणि मेहुणा. मी ओतणारा. प्रत्येकापुढे तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, वेगळी कुठली ते ओळखा. नुसत्या अंदाजानेही सरासरी तिघांत एकाचं बरोबर येतं, एवढं लक्षात ठेवून निकाल वाचायचा. भडंगाचा डबा चाखणं संपेपर्यंत कपाटात ठेवला, कारण लसणापुढे कुठलीच बिअर टिकत नाही. त्यावर बरीच कुरकुर झाली.

चौघांनीही बरोबर ओळखली. पहिल्या घोटातच. यात त्यांच्या जिभेची कमाल नाही, पिंपाची आहे. जळलेल्या ओकातून व्हॅनिलासारखा वास उतरतो, खोबऱ्यासारखा एक वास उतरतो आणि आधीच्या बर्बनचे काही लिटर लाकडात जिरलेले असतात ते बिअरमध्ये येतात. लागरवाला म्हणाला, "ह्याच्यात कुणीतरी खोबऱ्याची वडी बुडवलीय." त्यामुळे फरक कळणार नाही, हे तुमचं म्हणणं मी मान्य करणार नाही.

मग विचारलं, पदरचे पैसे देऊन कुठली घ्याल? दोघांनी साधी सांगितली. रसायनशास्त्रवाला त्यातलाच एक. म्हणाला, पिंपातली छान आहे, पण अर्ध्या ग्लासानंतर मिठाई खाल्ल्यासारखं होतं.

आणि आता मात्र तुमची बाजू. शेवटच्या फेरीत मी एकच साधी स्टाउट दोन भांड्यांत भरली. एक "दोनशेची" म्हणून दिली, दुसरी "पाच हजारांची, फक्त शंभर बाटल्या" म्हणून. चौघांतल्या तिघांना पाच हजारांची जास्त घट्ट, जास्त खोल वाटली. मेहुण्याला तर तिच्यात मनुका लागल्या. खरं सांगितल्यावर तो माझ्याशी जेवण होईपर्यंत बोलला नाही. वाइनवर असाच प्रयोग कॅलिफोर्नियात झाला होता, त्याचा निबंध २००८ मध्ये आला. पाच डॉलरची वाइन पंचेचाळीसची म्हणून दिली तर लोकांना ती जास्त आवडली. मेंदूचं स्कॅनही काढलं होतं, सुखाशी संबंधित भागात खरोखर जास्त हालचाल दिसली. म्हणजे माणसं खोटं बोलत नव्हती. मेहुण्यालाही त्या मनुका खरंच लागल्या असणार.

दारूचं कौतुक कशाला करता, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्यावर वाद घालत नाही, आईचंही मत तेच आहे.

राहता राहिला मुलाचा प्रश्न. सांगा आणायला. एकच, आणि दुकानाच्या फळीवरच्या छापील किमतीत मिळाली तरच. पंधरा-वीस डॉलरच्या आत पुष्कळ चांगल्या असतात. यातल्या काही बिअर, गूस आयलंडचीही, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, तिकडच्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी बाजारात येतात, त्यामुळे डिसेंबर चांगला. इंटरनेटवर कुणी चढ्या भावाने विकत असेल तर घेऊ नका म्हणावं, त्यापेक्षा त्याच पैशात त्याच कारखान्याच्या चार साध्या स्टाउट आणा. विमानतळावर माणशी दोन लिटरपर्यंत दारू बिनशुल्क आणता येते. बाटली सामानाच्या बॅगेत, जाड कपड्यांत गुंडाळून. आणि ती एकट्याने संपवायची बाटली नव्हे, तिघा-चौघांत लहान ग्लासांतून घ्या. फ्रीजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवा, अगदी गार असली तर वास बंद राहतो. सोबत तुमच्याच शेडमधला तो काळा पडलेला बेदाणा चालेल. मी खाऊन पाहिलाय, हिरव्यापेक्षा तोच बरा लागतो.

मूळ लेखातलं लाकडाचं वाक्य आज खोडलंय. पुसलेलं नाही, मधून रेघ मारून ठेवलंय.