हळद-लसूण माशांचे औषध नव्हे
मत्स्यपालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश सतत पुढे पाठवला जातो. खाद्यात हळद, लसूण आणि थोडी मिरपूड मिसळली की माशांना रोग होत नाही, झालेला रोग बरा होतो, आणि सारे नैसर्गिक असल्याने जितके जास्त द्याल तितके चांगले, असे त्यात म्हटले आहे. मिरीमुळे हळदीचा गुण 2000 टक्के वाढतो आणि प्रतिजैविके विनाकारण देऊ नयेत, असेही त्यात आहे. शेततळ्यात पैसा घातलेला माणूस त्यावर विश्वास ठेवतो, म्हणून त्यातले दावे एकेक करून तपासणे गरजेचे आहे.

दाव्याचा पाया खोटा नाही. रोहूला काही आठवडे लसूण किंवा हळद मिसळलेले खाद्य देऊन, नंतर त्याला एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूची लागण करून पाहिलेल्या प्रयोगांत, साध्या खाद्यावरच्या माशांपेक्षा हे मासे अधिक संख्येने वाचले. मात्र प्रयोगातला क्रम लक्षात घ्यावा : मसाला आधी, लागण नंतर. त्यातून माशाची प्रतिकारशक्ती वाढते एवढेच दिसते. रोग होणारच नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही.

'झालेला रोग बरा होतो' हा दावा सर्वांत घातक आहे, कारण आजारी मासा आधी खाणेच सोडतो. अंगावर लाल व्रण आलेला, काठाशी सुस्त पडलेला मासा समोर पडलेल्या दाण्याकडे वळतसुद्धा नाही. हळदीचे खाद्य खातात ते धडधाकट मासे. तिलापिया माशांना जीवघेण्या ठरणाऱ्या तिलापिया लेक विषाणूची भारतात 2018 मध्ये नोंद झाली असून त्यावर औषध नाही. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत असतील, तर बहुतेक वेळा ती ऑक्सिजनची टंचाई असते. तेव्हा एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारे यंत्र, चालवायचा, ताजे पाणी सोडायचे आणि खाद्य बंद ठेवायचे असते. अशा वेळी हळदीचे खाद्य टाकले, तर न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात आणि उरलासुरला ऑक्सिजनही खातात.

देण्याच्या पद्धतीबद्दल संदेश काहीच सांगत नाही. कोरड्या दाण्यांना नुसती हळद चोळून ते पाण्यात टाकून पाहावे : दाण्याभोवती पिवळा ढग पसरतो आणि माशाच्या तोंडी जवळजवळ साधाच दाणा पडतो. पूड थोड्या तेलात किंवा भाताच्या घट्ट पेजेत कालवून दाण्यांवर बसवावी लागते आणि दाणे सावलीत वाळवावे लागतात. लसूण उकळून वापरण्यातही अर्थ नाही, कारण त्यातले ॲलिसिन, म्हणजे जिवाणूंना रोखणारे द्रव्य, पाकळी ठेचल्यावर तयार होते आणि ते तयार करणारे विकर (एन्झाइम) उष्णतेने निकामी होते.

प्रमाणाबाबत म्हणाल, तर प्रयोगांत साधारणपणे किलोभर खाद्याला 1 ते 10 ग्रॅम एवढीच पूड वापरलेली दिसते. त्याहून फार जास्त दिल्यास उग्र वासाने मासे खाद्य टाळतात आणि वाढ खुंटू शकते. शिवाय बाजारातल्या हलक्या हळदीत रंगासाठी लेड क्रोमेटची, म्हणजे शिसे असलेल्या रंगाची, भेसळ आढळलेली आहे. तेव्हा 'नैसर्गिक' या शब्दावर विसंबून राहता येत नाही.

मिरीमुळे हळदीचा गुण 2000 टक्के वाढतो, हा आकडा 1998 मध्ये माणसांवर केलेल्या प्रयोगातला आहे. त्यात हळदीतला मुख्य घटक असलेल्या 2 ग्रॅम कुर्क्युमिनसोबत मिरीतला तिखट घटक, म्हणजे पायपरीन, 20 मिलिग्रॅम देऊन रक्तात किती कुर्क्युमिन पोहोचते, हे मोजले होते. त्या प्रयोगात कोणताही रोग बरा केला नव्हता, आणि मासा तर त्यात नव्हताच.

विनाकारण प्रतिजैविके देऊ नयेत, हे संदेशातले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातील औषधांना तर मत्स्यपालनात बंदीच आहे. पण प्रतिजैविकाच्या जागी हळद ठेवण्याआधी रोग कोणता, हे कळायला हवे. त्यासाठी पाण्यातला ऑक्सिजन आणि अमोनिया मोजावा, दोन-चार माशांचे कल्ले उघडून पाहावेत आणि लक्षणे दिसणारा जिवंत मासा प्रयोगशाळेत न्यावा. मेलेला मासा काही तासांतच कुजू लागतो आणि मग रोगाचे जिवाणू कोणते व कुजण्याचे कोणते, हे तपासणाऱ्यालाही सांगणे कठीण होते.