आबांचा खोडा

गेल्या रविवारी रॉटरडॅममध्ये संध्याकाळचे साडेपाच, मी भाजी चिरत होतो. तिकडे रेणापूर तालुक्यातल्या आमच्या गावात रात्रीचे नऊ. धाकट्या भावाने व्हिडिओ कॉल लावून फोन भिंतीला टेकवला. शेतकरी कंपनीच्या संचालकांची बैठक. यंदाचं सोयाबीन यायच्या आत ग्रेडिंग मशीन घ्यायचं की गोदाम बांधायचं?

भाऊ म्हणाला, "मशीन आणून टाकू. पाण्यात पडल्यावर पोहता येतंय."

आबांनी चष्मा पुसला, डायरी उघडली. "वर्षातून किती दिवस चालंल? बाकीचे दिवस लाईट बिल कोण भरंल?"

"आबा, तुमचा नेहमीचाच खोडा!"

आबा गप्प झाले ते शेवटपर्यंत. तिसरे संचालक तंबाखू मळत बसले. पारडं कुठं झुकतंय ते बघून त्यांचं मत ठरतं.

मराठवाड्याला खमका माणूस मिळाला नाही म्हणून आपण मागे, हे मी पारावर लहानपणापासून ऐकतोय. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा धडाडीच लागली. पण तहान लागल्यावर टँकर आणणारा माणूस दहा वर्षांची आखणीही तशीच करायला निघाला, की माझ्या पोटात गोळा येतो.

इथे नेदरलँड्समध्ये 1953च्या पुरात 1,836 माणसं गेली. मग समुद्राचं तोंडच बंद करायचं ठरलं. ऑस्टरस्केल्डेच्या खाडीवर मात्र कोळी आणि निसर्गवाले अडून बसले: पक्का बांध घातला तर कालवं-शिंपले मरतील. हाही खोडाच! वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी 62 दरवाजे बसवले, एरवी उघडे, वादळात बंद. काम 1986 ला पुरं झालं, खर्चही वाढला. पण पूर अडतो आणि खाडीही जिवंत आहे.

म्हणून इथलं सगळं गोड आहे असं नाही. सगळ्यांचं जुळेपर्यंत बसून राहण्याला यांच्याकडे 'पोल्डरेन' असं क्रियापदच आहे. ऑफिसात दोन तास ते झालं की मलाही भाऊच आठवतो.

त्याला एवढंच म्हणालो, "पहिला अर्धा तास फक्त शंका. आबा बोलतील, तू ऐकायचं. निर्णयाची तारीख मात्र तू आधीच सांगून ठेव, ती हलवायची नाही."

"दादा, तिथं बसून सोपं आहे." खरंय ते.

बुधवारी व्हॉट्सॲपवर आबांच्या डायरीच्या पानाचा फोटो आला. खाली भावाने लिहिलं होतं, "बिलाचा हिशेब त्यांचाच बरोबर निघाला. त्यांना सांगू नकोस."