मेमकॉपी काढून पॉइंटर कास्ट घालू नका

"मेमकॉपी म्हणजे फंक्शन कॉल, म्हणून हळू. चार बाइटसाठी पॉइंटर कास्ट करा, मोठ्या कॉपीला स्वतःचा लूप लिहा. मेममूव्ह आणि मेमकॉपी एकच." सी भाषेत मेमरीतले बाइट एका जागेतून दुसरीकडे कॉपी करणाऱ्या मेमकॉपी आणि मेममूव्ह या फंक्शनबद्दलचा हा मेसेज सगळीकडे फिरतोय. आमच्या टीममधल्या नवख्या मुलाने तो खरा मानून पॅकेट वाचणारी अख्खी फाइल बदलली आणि रिव्ह्यूला माझ्याकडे पाठवली. आता गप्प बसणं शक्य नाही.

कॉलचं आधी. ऑप्टिमायझेशन चालू असेल आणि आकार कंपाइल होतानाच माहीत असेल, तर छोट्या कॉपीला जीसीसी किंवा क्लँग हे कंपाइलर कॉल करतच नाहीत. एक्स८६ (इंटेल-एएमडीचे प्रोसेसर) वर एलएलव्हीएम, म्हणजे क्लँगचा कोड तयार करणारा भाग, एका कॉपीसाठी साधारणपणे ८ स्टोअरपर्यंत (मेमरीत लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शन) इनलाइन करतं, म्हणजे कॉलऐवजी तिथेच घालतं. १६ बाइटची रजिस्टरं धरली तर १२८ बाइट. कंपाइलरने काढलेली असेंब्ली उघडा, स्वतः बघा.

कास्टचा सल्ला मात्र घातक आहे. कास्ट म्हणजे पत्ता तोच ठेवून तिथे वेगळ्या टाइपचा डेटा आहे असं सांगणं. कॅरेक्टर बफरवर असा ३२ बिटी पॉइंटर लावून वाचणं सी भाषेच्या प्रमाणानुसार अव्याख्यित वर्तन आहे, म्हणजे काय घडेल याची भाषा हमी देत नाही. वेगळ्या टाइपचे पॉइंटर एकाच जागेला हात लावत नाहीत, असं कंपाइलर धरून चालतो आणि लिहिण्या-वाचण्याचा क्रम बदलायला मोकळा होतो. डीबग बिल्ड बरोबर, रिलीजमध्ये कचरा. त्यातून या फाइलमधलं लांबीचं फील्ड दुसऱ्या बाइटपासून सुरू होतं, म्हणजे पत्ता चारच्या पटीत नाहीच. एक्स८६ साध्या लोडला हे खपवून घेतं. लूप व्हेक्टराइज झाला (एका इन्स्ट्रक्शनमध्ये अनेक आकडे हाताळू लागला) आणि अलाइन्ड, म्हणजे ठरावीक पटीतला, पत्ता मागणारी इन्स्ट्रक्शन आली की प्रोग्रॅम कोसळतो. आणि मिळवलं काय? मेमकॉपी लिहिली असती तरी तीच एक लोड इन्स्ट्रक्शन निघाली असती!

स्वतःचा लूप? जीसीसी १० पासून ओ-टू या ऑप्टिमायझेशन पातळीवरही कंपाइलर असा लूप ओळखतो आणि पॉइंटर एकमेकांवर येत नाहीत हे कळलं की त्याजागी मेमकॉपीचाच कॉल घालतो. जीसीसीचं मॅन्युअल तर स्पष्ट सांगतं की फ्रीस्टँडिंग वातावरणातही (जिथे पूर्ण सी लायब्ररी नसते) मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर पुरवावीच लागतात. म्हणजे सुटका नाही.

एक गोष्ट मान्य करतो: लांबी रनटाइमला ठरत असेल आणि कॉपी छोट्या पण सतत होत असतील, तर कॉल राहतो आणि त्याची किंमत दिसते. तिथे प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन) लावा आणि तेवढीच जागा बदला. अख्खी फाइल नाही.

मेममूव्हबद्दल थोडक्यात: २०१० मध्ये जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या मेमकॉपीने कॉपीची दिशा बदलली आणि फेडोरा १४ या लिनक्सवर फ्लॅश प्लेअरचा आवाज बिघडला, कारण त्यात एकमेकांवर येणाऱ्या भागांना मेमकॉपी वापरली होती. एकाच बफरमध्ये डेटा सरकवताना मेममूव्हच लागतं.