‘आठही जिल्ह्यांत पहिला नंबर’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: मराठवाड्यात एक ऑफिस असलं तरी भागतं. बाकी जिल्ह्यांत कुणाचा तरी पत्ता घ्या आणि गुगल मॅपवर आठ प्रोफाईल, म्हणजे दुकानाच्या नोंदी, उघडा. ज्या शहरांची नावं बदलली तिथे जुन्या-नव्या नावाने दोन-दोन उघडा. दुकानाच्या नावात गाव आणि माल घुसवा, वेबसाईटवर आठ गावांची आठ पानं टाका, सगळीकडे हेड ऑफिसचाच मोबाईल द्या, फोटोंना जिओटॅग (जागेचे अक्षांश-रेखांश) लावा, शंभर रिव्ह्यू विकत आणा. महिन्याभरात आठही जिल्ह्यांत पहिला नंबर. खाली पॅकेजचा भाव. जालना, परभणी, लातूर अशा दोन-तीन ठिकाणी ज्यांची खरीखुरी ऑफिसं आहेत तेही हे वाचून विचारायला लागलेत, “मग आपण भाडं कशापायी भरतोय?” म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पत्ता, कारण बाकीचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. स्थानिक निकाल कशावर लागतात हे गुगलनेच सांगून ठेवलंय: शोधणाऱ्याला जे हवंय त्याच्याशी तुमचा धंदा किती जुळतो, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुमचं नाव किती जाणतं आहे. यातलं अंतर विकत मिळत नाही. म्हणून मेसेजवाला पळवाट काढतो: लातूरला साडूच्या घराचा पत्ता, नांदेडला ओळखीच्या झेरॉक्सवाल्याचा. नियम मात्र साफ आहे. ऑफिस म्हणून जी जागा दाखवाल तिथे कामाच्या वेळेत तुमची माणसं हवीत आणि तुमची कायमची पाटी हवी. नुसती टपाल घेण्यापुरती भाड्याने घेतलेली जागा चालत नाही. शिवाय आता पडताळणीला बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. रस्ता, आजूबाजूची दुकानं, पाटी, कुलूप उघडून आत शिरणं, आतला माल, सगळं एका सलग चित्रणात. ठिबक विकत असाल तर साडूच्या ओसरीवर नळ्यांची बंडलं कुठून आणणार?

समजा तेही जमवलं. तक्रार करायला त्या गावातला खरा दुकानदार बसलेलाच आहे. प्रोफाईल सस्पेंड होतं, आणि खातंच अडकलं तर त्यातलं तुमचं खरं दुकानही सोबत अडकतं. पेरणीच्या तोंडावर हे झालं तर काय होतं ते बियाणं विकणाऱ्याला सांगायला नको.

ज्यांचं दुकान नाही, माणूसच ग्राहकाच्या दारी जातो, उदाहरणार्थ सोलर पंप बसवणारे, बोअरची मोटर काढणारे, आरओ दुरुस्त करणारे, त्यांच्यासाठी सरळ सोय आहे. पत्ता झाकायचा आणि जिथे सेवा देता ती ठिकाणं लिहायची. अशी वीसपर्यंत लिहिता येतात, पण मूळ जागेपासून साधारण दोन तासांच्या गाडीरस्त्यात. संभाजीनगरातून जालना सहज बसतं, बीड ओढूनताणून. लातूर आणि नांदेड या हिशेबात येतच नाहीत. आणि ठिकाणं लिहिली म्हणजे तिथे वर दिसाल असंही समजू नका. ती यादी ग्राहकाच्या माहितीसाठी असते.

नावाबद्दल मेसेज अर्धं खरं बोलतो, म्हणून तर तो पसरतो. ‘ठिबक सिंचन लातूर बेस्ट डीलर’ असं नाव लावलेलं प्रोफाईल काही दिवस वर येतं, हे मी नाकारत नाही. पण नाव पाटीवर असेल तेच लावायचं, असा नियम आहे. मॅपवर ‘बदल सुचवा’ हे बटण सगळ्यांनाच दिसतं, तुमच्या स्पर्धकालाही. त्याने पाटीचा फोटो काढून पाठवला की विषय संपला. जास्त शाखा असतील तर आणखी एक तोटा. जालन्यात एक नाव, परभणीत दुसरं, लातुरात तिसरं. मग जालन्यात चांगला अनुभव आलेला शेतकरी परभणीत तुम्हाला ओळखणार कसा?

आठ गावांची आठ पानं. इथे लोक दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवतात. एकच मजकूर घेऊन फक्त ‘बीड’च्या जागी ‘हिंगोली’ टाकलेली पानं गुगल स्पॅम मानतं. असल्या पानांवरची कारवाई २०१५ मध्ये आणखी कडक झाली. पण जिथे खरं ऑफिस आहे तिथलं स्वतंत्र पान असायलाच हवं, आणि अनेक शहरांत काम करणारे नेमका त्याचाच कंटाळा करतात. लातूरच्या पानावर लातूरचं काही असू द्या. औसा रोडवर नेमकं कुठल्या चौकापाशी, चारचाकी कुठे लावायची, सुट्टी कोणत्या वारी, कोणता माल तिथल्या गोदामात असतो आणि कोणता दोन दिवसांनी येतो, फिटिंगला माणूस कुठपर्यंत जातो. ऊसवाला आणि मोसंबीवाला एकच प्रश्न विचारत नाहीत. जालन्याच्या पानावर मोसंबीच्या बागेचं ठिबक आलं, तर ते पान वाचणाऱ्याला आपलं वाटतं. मग लातूरच्या प्रोफाईलला लातूरच्याच पानाची लिंक द्या. बहुतेक जण सगळ्या शाखांना मुखपृष्ठ जोडून मोकळे होतात, आणि लातूरच्या माणसाला उघडल्या उघडल्या संभाजीनगरच्या शोरूमचा फोटो दिसतो.

हे लिहिता लिहिता पत्त्याचीही एक गोष्ट सांगतो. नवा मोंढा जालन्यात आहे, परभणीत आहे, नांदेडातही आहे. सिडको संभाजीनगरात आणि नांदेडात. शिवाजीनगर तर विचारूच नका. त्यामुळे ‘नवा मोंढा, मेन रोड’ एवढाच पत्ता प्रोफाईलवर असेल, वेबसाईटवर दुसरा आणि जस्टडायलवर तिसऱ्याच पिनकोडसह असेल, तर मशीनचाही घोळ होतो आणि माणसाचाही. प्रत्येक शाखेचा पत्ता एकदाच पक्का लिहून घ्या, पिनकोडसकट, आणि सगळीकडे तोच उतरवा. मॅपवरची खूण स्वतः तिथे उभं राहून तपासा. मोंढ्यात ती बऱ्याचदा मागच्या गल्लीत पडलेली असते.

आता जुनी-नवी नावं. फेब्रुवारी २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव करायला केंद्राने मंजुरी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्हा आणि विभागाच्या नावांचीही अधिसूचना निघाली. लोकांची बोटं मात्र सवयीने जुनंच नाव टाईप करतात. बाहेरगावचा ग्राहक तर हमखास. म्हणून मेसेज म्हणतो, दोन प्रोफाईल उघडा. उघडू नका. एका जागेचं एका धंद्यासाठी एकच प्रोफाईल. दुसरं डुप्लिकेट ठरतं आणि तुमचे रिव्ह्यू दोन्हीकडे विखुरतात. पत्त्यात आजचं नाव ठेवा आणि वेबसाईटच्या मजकुरात एखाद्या वाक्यात जुनं नाव येऊ द्या. त्यावर ग्रुपात भांडणं होतात, होऊ देत. ग्राहकाला दुकान सापडलं पाहिजे, एवढंच आपलं काम. आणि हो, बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. नुसतं जुनं नाव लिहिणाऱ्यांनी राज्याचं नाव सोबत लिहावं.

एकच मोबाईल नंबर सगळीकडे? गुगलची सूचना उलट आहे: शक्यतो थेट त्या शाखेत वाजेल असा नंबर द्या. नांदेडचा माणूस ०२४६२ ने सुरू होणारा नंबर बघतो तेव्हा त्याला कळतं की इथे कुणीतरी बसलेलं आहे. लँडलाईन नसेल तर शाखेचा मोबाईल. हेड ऑफिसच्या पोराला हिंगोलीचा रस्ता विचारून काय उपयोग?

जिओटॅगवर फार शब्द घालवत नाही. फोटोत लपवलेल्या अक्षांश-रेखांशाने निकालातला नंबर वर जातो, असं गुगलने कुठेही म्हटलेलं नाही. फोटो खरे आणि ताजे असू द्या, झालं.

रिव्ह्यू विकत आणणं तर नियमाबाहेर आहेच. ‘रिव्ह्यू द्या, शंभर रुपये सूट घ्या’ हेही बसत नाही. खूश ग्राहकालाच लिंक पाठवायची आणि नाराजाला गाळायचं, तेही चालत नाही. भारतीय मानक ब्यूरोनेही ऑनलाईन रिव्ह्यूसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलंय. पण अनेक शाखावाल्यांनी वेगळीच गोष्ट ध्यानात घ्यावी: संभाजीनगरच्या प्रोफाईलवरचे तीनशे रिव्ह्यू नांदेडच्या प्रोफाईलवर दिसत नाहीत. प्रत्येक शाखा आपली आपण कमावते. बिल देताना काउंटरवर त्याच शाखेच्या रिव्ह्यूचा क्यूआर ठेवा आणि मराठीत आलेल्या रिव्ह्यूला मराठीतच उत्तर द्या, तक्रार असली तरी.

आणि तो ‘पहिला नंबर’. गुगलच्या निकालात मॅपसोबत एरवी तीनच नावं दिसतात. २०१५ च्या आधी सात दिसायची. ती तीन कोणती हे शोधणारा उभा कुठे आहे त्यावर बदलतं. संभाजीनगरात वाळूजमध्ये उभं राहून आणि सिडकोत उभं राहून एकच शब्द टाका, यादी वेगळी येईल. एकाच शहरात ही गत, तर जिल्हाभर पहिला नंबर म्हणजे काय? पॅकेजवाला जो स्क्रीनशॉट पाठवतो तो बहुधा तुमच्याच दुकानाच्या दारात काढलेला असतो. त्यापेक्षा प्रोफाईलमध्येच दिसणारे आकडे महिन्याच्या महिन्याला शाखावार लिहून ठेवा: किती फोन आले, किती जणांनी रस्ता विचारला.

ज्यांनी पॅकेज घेऊनच टाकलंय त्यांनी आज एक काम करावं. प्रोफाईल उघडून मुख्य मालक म्हणून कुणाचा ईमेल आहे ते पाहावं. बऱ्याच ठिकाणी तो एजन्सीचा निघतो. स्वतःचा ईमेल मालक म्हणून जोडून घ्या, आणि सात दिवसांनी मुख्य मालकी तुमच्याकडे करायला सांगा. एजन्सी दाद देत नसेल तर मॅपवरून मालकी मागण्याची सोय आहे. समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. मग खोट्या पत्त्यांची प्रोफाईल आधी काढा, खऱ्या शाखांचं बघायला नंतर बसा.