"नुसतं डावीकडेच तर वळायचं असतं"... बरं, मग वळून दाखवा

आठवडाभर आमच्या तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय, काल भावजींनीही टाकला, म्हणून शेवटी लिहायला बसलो. मजकूर थोडक्यात असा: इंडियानापोलिस ५०० ही कार रेस म्हणजे अमेरिकेतला टाइमपास, अंडाकृती ट्रॅकवर नुसतं डावीकडे वळत राहायचं, ब्रेक नाही गिअर नाही, ट्रॅकच तिरका असल्यामुळे गाडी आपोआप वळते, एफवनमधून (फॉर्म्युला वन) हाकललेले ड्रायव्हर तिथे जाऊन पोट भरतात आणि जिंकणं म्हणजे शुद्ध लॉटरी. खाली हसण्याचे चार इमोजी.

आधी कबूल करतो, मीही काही वर्षांपूर्वी हेच म्हणायचो. मग एकदा मे महिन्यातल्या एका रविवारी रात्री सव्वादहाला सहज लावली आणि सोमवारी ऑफिसात डोळे चोळत बसलो. तर आता एकेक घेऊ.

पहिलं, डावीकडे वळणं. हो, डावीकडेच वळतात, यात वाद नाही. एक फेरी अडीच मैलांची, म्हणजे साधारण चार किलोमीटर, अशा २०० फेऱ्या, एकूण ८०० किलोमीटरच्या वर. पण वळतात कुठल्या स्पीडला ते बघा ना. २०२३ साली अ‍ॅलेक्स पालोने पोल घेतली (म्हणजे क्वालिफाइंगमध्ये, रेसआधीच्या वेगाच्या चाचणीत, सगळ्यात पुढून सुटायची जागा) तेव्हा चार फेऱ्यांचा सरासरी वेग ताशी २३४.२१७ मैल होता, म्हणजे जवळजवळ ३७७ किलोमीटर, आणि ही सरासरी आहे, वळणं धरून. सेकंदाला १०० मीटरच्या वर. उसेन बोल्टची अख्खी शर्यत एका सेकंदात संपते आणि त्याच सेकंदात तुम्हाला वळणात शिरायचंय, उजव्या हाताला भिंत आहे, मध्ये ना माती ना वाळू, चुकलात की थेट भिंत. टेस्टमधल्या ओपनरला "बॉल सोडायचाच तर असतो" म्हणावं तसलं आहे हे.

आणि गंमत म्हणजे गाडी मुद्दाम वाकडी सेट केलेली असते. मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा किंचित मोठं ठेवतात, त्यामुळे गाडी स्वतःहून डावीकडे ओढते, म्हणजे सरळ रस्त्यावर सरळ जायला ड्रायव्हरला स्टेअरिंग थोडं उजवीकडे धरून ठेवावं लागतं. आणि या गाड्यांना पॉवर स्टेअरिंग नसतं बरं का. तीन तास. "नुसतं डावीकडे" म्हणणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

दुसरं, ट्रॅक तिरका म्हणून गाडी आपोआप वळते. हे वाचून मला खरंच हसू आलं, कारण बहुतेक लिहिणाऱ्याने डेटोना (अमेरिकेतलाच दुसरा अंडाकृती ट्रॅक) आणि इंडियानापोलिस एकच समजलंय. डेटोनाचं वळण ३१ अंशांचं आहे, तिथे पायी चढायचं म्हटलं तरी दम लागेल. इंडियानापोलिसला फक्त ९ अंश १२ मिनिटं (म्हणजे ९.२ अंश). १९०९ साली बांधलेला ट्रॅक आहे हो तो, तेव्हाच्या गाड्यांच्या हिशोबाने बांधलेला, १९११ च्या पहिल्या ५०० मध्ये जिंकणाऱ्या रे हॅरूनची सरासरी ताशी ७५ मैलांनाही पोचली नव्हती. वळणं तीच, चढ तोच, स्पीड तिप्पट. ट्रॅक गाडी वळवत नाही, गाडीच्या पंखांनी हवेतून मिळणारा खालचा दाब आणि टायर वळवतात, आणि ते दोन्ही जिथे संपतात त्या कडेवर ड्रायव्हर बसलेला असतो.

या "सोप्या" वळणाची खरी कहाणी तर एफवनवाल्यांकडेच आहे. २००० ते २००७ अमेरिकन ग्रां प्री याच जागी व्हायची, आतला वळणावळणाचा रस्ता आणि ओव्हलचा (अंडाकृती ट्रॅकचा) थोडा तुकडा जोडून, उलट्या दिशेने. त्यात ओव्हलचं पहिलं वळण एफवनचं तेरावं व्हायचं. २००५ ला शुक्रवारच्या सरावात राल्फ शूमाकरचं मिशलिन कंपनीचं टायर तिथेच गेलं आणि गाडी भिंतीवर. मिशलिनने तपासलं आणि सांगून टाकलं, या वळणावर आमच्या टायरची खात्री नाही. रविवारी वॉर्मअप फेरी करून मिशलिनच्या १४ गाड्या सरळ पिटमध्ये (टायर-इंधनासाठी थांबायची जागा) परत आल्या, ब्रिजस्टोन टायरच्या ६ गाड्यांनी रेस केली, आणि त्यात आपला नारायण कार्तिकेयन जॉर्डन टीमची गाडी चालवत चौथा आला, एफवनमध्ये पॉइंट मिळवणारा पहिला भारतीय. त्या पाच पॉइंटांचा आपण अभिमान बाळगतो ना, मग ते कुठल्या वळणामुळे मिळाले हेही लक्षात असू द्या!

तिसरं, ब्रेक नाही गिअर नाही. अर्धं खरं. क्वालिफाइंगला एकटी गाडी असते, तेव्हा ब्रेकला पाय लागत नाही. पण रेसमध्ये ३३ गाड्या असतात, पुढच्या गाडीच्या मागे हवा फाटलेली असते, त्या हवेत शिरलात की पुढच्या पंखाचा दाब जातो आणि गाडी वळायचं नाव न घेता भिंतीकडे सरकायला लागते. मग कधी सोडायचा अ‍ॅक्सिलरेटर, किती सोडायचा, जास्त सोडला तर गाडीचा मागचा भाग बाजूला घसरलाच समजा. गिअर बदलतात, अँटी-रोल बार (गाडीचं एका बाजूला कलणं आवरणारी सळई) आतून फिरवतात, वेट जॅकर म्हणून एक बटण असतं त्याने गाडीचा तोल या चाकावरून त्या चाकावर टाकतात, कारण इंधन कमी होतं, टायर झिजतात, वारा फिरतो, आणि चार सारखी दिसणारी वळणं मग चार वेगळी होतात. आणि पिटमध्ये यायचं तर ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या स्पीडवरून ताशी ६० मैलांच्या (शंभरेक किलोमीटरच्या) मर्यादेत यायचं, एक मैल जास्त झाला तरी पेनल्टी. २०२५ ला तर स्कॉट मॅक्लॉग्लिन हिरवा झेंडा पडायच्या, म्हणजे रेस सुरू व्हायच्या आधीच बाहेर गेला, थंड टायर गरम करायला गाडी हलवत होता आणि सरळ रस्त्यावर भिंतीला लागला. सरळ रस्त्यावर! आदल्या वर्षी पोलवर होता तो माणूस.

चौथं, एफवनचे हाकललेले. इथे थोडं खरं आहे ते मान्य करून टाकतो. मार्कस एरिक्सन एफवनमध्ये ९७ रेस करून एकही जिंकला नाही आणि २०२२ ला इंडी ५०० जिंकला. आणि साध्या सर्किटवर एफवनची गाडी खूप पुढे आहे, २०१९ ला दोन्ही सीरिज, म्हणजे एफवन आणि इंडी ५०० जिचा भाग आहे ती इंडीकार, ऑस्टिनच्या एकाच ट्रॅकवर धावल्या तेव्हा पोलच्या वेळेत १४ सेकंदांचा फरक होता. प्रश्नच नाही.

पण मग फर्नांडो अलोन्सोचं काय करायचं? दोन वेळचा वर्ल्ड चॅम्पियन. २०१७ ला मोनॅकोची एफवन रेस सोडून आला, पाचव्या नंबरवरून सुटला, २७ फेऱ्या पुढे होता, २१ फेऱ्या राहिल्या असताना इंजिन गेलं. सगळे म्हणाले बघा, किती सोपं. २०१९ ला परत आला आणि ३३ मध्येच बसला नाही. काइल कायझर नावाच्या पोराने, छोट्या टीमच्या गाडीतून, त्याला बाहेर काढलं, फरक ताशी ०.०१९ मैलांचा. दहा मैलांच्या त्या प्रयत्नाला अडीच मिनिटांच्या वर लागतात, त्यात हा फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास येतो. टीमने घोळ घातले होते हे खरं, पण सोपं असतं तर अलोन्सोने ते झाकले असते, आयुष्यभर तेच तर केलंय त्याने.

आणि पालोचं बघा. हा इंडीकारचा २०२१, २०२३, २०२४ चा चॅम्पियन, कारण त्या सीरिजमध्ये शहरातले रस्ते, साधी सर्किटं सगळं असतं (हेही फॉरवर्डवाल्याला माहीत नाही). तीन टायटल झाली तरी ओव्हलवर एकही विजय नव्हता. २०२१ ला इंडीला दुसरा आला. पहिला ओव्हल विजय मिळाला २०२५ च्या इंडी ५०० मध्ये. नुसतं डावीकडे वळायला त्या माणसाला इतकी वर्षं लागली.

राहिली लॉटरी. नशीब असतं, नाही कुठे म्हणतोय, पिवळा झेंडा (ट्रॅकवर धोका, सगळ्यांनी सावकाश) चुकीच्या वेळी आला की चांगल्या चांगल्यांची वाट लागते. पण लॉटरी चार चार वेळा लागत नाही, आणि एलिओ कॅस्ट्रोनेव्हेस चार वेळा जिंकलाय, चौथ्यांदा २०२१ ला, वयाच्या ४६ व्या वर्षी, पालोलाच हरवून. २०१६ ला अलेक्झांडर रॉसी पहिल्याच प्रयत्नात जिंकला ते इंधन थेंब थेंब वाचवत, शेवटच्या फेरीत टाकी कोरडी पडून गाडी घरंगळतच रेषेपलीकडे गेली. २०२४ ला शेवटच्या फेरीत पाटो ओवॉर्डने पुढे काढली आणि जोसेफ न्यूगार्डनने तिसऱ्या वळणावर बाहेरून, भिंतीच्या बाजूने, परत घेतली. तिकीट फाडून होत नाही हे.

नशिबाची गोष्ट हवीच असेल तर अँड्रेटी घराण्याची घ्या. मारिओ १९६९ ला जिंकला, परत कधीच नाही. मुलगा मायकल ४३१ फेऱ्या पुढे राहिला, एकदाही जिंकला नाही. नातू मार्को २००६ ला पहिल्यांदाच उतरला, वय १९, शेवटच्या सरळ रस्त्यावर पुढे होता, सॅम हॉर्निशने रेषेच्या तोंडाशी गाठलं. ०.०६३५ सेकंद. तेवढ्या वेळात तो इमोजीसुद्धा टाइप होत नाही, भावजी.